मालाईमावशीच्या शेगडीचा शास्त्रीय अभ्यास

जिथे धूर तिथे अग्नी, असं आपले जुने नैयायिक सांगून गेले. त्यांच्या काळी अनुदानाची सोय नव्हती, म्हणून बिचारे तिथेच थांबले. आज आपल्याला ठाऊक आहे की जिथे धूर तिथे प्रकल्प असतो, जिथे प्रकल्प तिथे तीन विभाग असतात, आणि जिथे तीन विभाग असतात तिथे अग्नी नेमका कुठे आहे हा प्रश्न पाच-सहा वर्षं आरामात पुरतो.

उत्तर थायलंडात, चिआंगमाईला, धुराची टंचाई कधी भासत नाही. फेब्रुवारी लागला की आसपासची जंगलं आणि शेतं पेटतात, गावामागचा डोंगर दिसेनासा होतो आणि लोक एकमेकांना ‘डोंगर रजेवर गेला’ असं सांगतात. अशा ठिकाणी ‘श्वसन, ऊर्जा व पर्यावरण एकात्म संशोधन केंद्र’ उभं राहावं, हे ओघानंच आलं. धूर किती आहे हे तिथला पर्यावरण विभाग मोजतो. तो कुठून आला हे ऊर्जा विभाग खुर्चीतून न उठता गणितानं काढतो. तो छातीत जाऊन काय करतो हे वैद्यक विभाग पाहतो. (तो कमी कसा करावा यासाठी चौथा विभाग मंजूर आहे, जागा भरायच्या आहेत.) तिन्ही विभागांचं एकमेकांशी उत्तम जमतं, कारण ते वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात.

आचान फिसित हा पर्यावरण विभागातला. (आचान म्हणजे आपलेच आचार्य, तिकडे मास्तरापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळ्यांना हाच मान.) केंद्राचं मुख्य यंत्र त्याच्या ताब्यात होतं. यंत्र फ्रिजएवढं, वर हवा ओढणारी सोंड, पुढे आकडा दाखवणारा पडदा. ते कुठे ठेवावं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत: मोकळी जागा हवी, इमारतीची सावली नको, वर झाडाची फांदी नको. जागेच्या मालकदेवतेचं खांबावरचं छोटं देऊळ कुठे बसवावं याचेही नियम आहेत, आणि ते शब्दशः हेच आहेत. केंद्राच्या आवारात या नियमांत बसणारी जागा एकच होती. तिथे देवता आधी राहायला आलेली, म्हणून यंत्र तिच्या शेजारी उभं राहिलं. पहिल्या महिन्यात ते तीनदा बंद पडलं. कंपनीचा माणूस आला, त्यानं ते उघडलं, चहा घेतला आणि पुन्हा लावून टाकलं. शेवटी फिसित गुडघे टेकून नवस बोलला: यंत्र अखंड चालू दे, रोज सकाळी हार, नऊ उदबत्त्या आणि लाल सरबताची बाटली वाहीन. (बाटलीत नळी घालून, देवता तोंड लावून पीत नाही.) तेव्हापासून यंत्र एक दिवस थांबलं नाही. फाटकाशी मालाईमावशीची गाडी होती. काडीला लावलेलं डुकराचं मांस ती निखाऱ्यांवर भाजायची, सोबत चिकट भाताची पुडी द्यायची. तिच्या शेगडीचा धूर असा काही दणदणीत निघायचा की परदेशी पाहुणे त्याचे फोटो काढत.

तर या यंत्राला एक मोठा शोध लागला. रोज सकाळी साडेसातला हवेतल्या बारीक धुळीचा आकडा एकदम उसळायचा आणि तासाभरात खाली यायचा. पावसाळ्यातही, डोंगर स्वच्छ दिसत असतानाही. याला ‘चिआंगमाईची प्रातःकालीन उसळी’ असं नाव मिळालं आणि तिन्ही मजले कामाला लागले. पर्यावरण विभागानं ठरवलं की रात्री खाली बसलेली थंड हवा सकाळी कूस बदलते. वैद्यक विभागाच्या प्रमुख आणि केंद्राच्या संचालक डॉक्टर सुप्राणी यांनी कचेरीतले बारा कारकून घेतले, त्यांची फुंकर सकाळी आठला अंगणात आणि दुपारी गार हवेच्या खोलीत मोजली, आणि सकाळी माणसाचा श्वास नऊ टक्क्यांनी आखूड असतो असं सिद्ध केलं. (कारकुनांचं म्हणणं होतं की सकाळी आठला कुणाचाच असतो.) तीन निबंध छापले गेले. डॉक्टर सुप्राणींना व्याख्यानासाठी ओसाकाचं बोलावणं आलं.

उरला प्रश्न अग्नीचा. तो ऊर्जा विभागातल्या डॉक्टर बँकनं सोडवला. (बँक हे त्याचं घरचं नाव. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलं होतं.) त्यानं गावातले सगळे भात शिजवायचे कुकर, सगळ्या मोटारसायकली आणि सगळे विद्युतपंप संगणकावरच्या मॉडेलमध्ये घातले. तरीही सदतीस टक्के धूर बेवारस राहिला. तेव्हा बँक उठून खिडकीशी गेला. त्याच्या विभागाच्या इतिहासात क्षेत्रीय पाहणी अशी पहिल्यांदाच झाली. खाली मालाईमावशी शेगडीला वारा घालत होती.

पुढच्या बैठकीत बँकनं निष्कर्ष मांडला.

“मॉडेलनुसार मावशी रोज सकाळी पावणेदोन टन कोळसा जाळतात.”

“अरे, पावणेदोन टन?” फिसित म्हणाला. “त्या हातगाडीवर मावतो तरी का?”

“मॉडेलमध्ये मावतो, दादा.”

ठराव झाला. शेगडी एक आठवडा बंद ठेवून पाहायची. आरोप खरा ठरल्यास ती कायमची हलवायची. न्याय कसा असावा, याचा हा नमुनाच म्हटला पाहिजे. आरोपी वगळता सगळ्यांची बाजू ऐकून घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी फिसित नाश्त्याला गेला तेव्हा मावशीनं काड्या हातात देण्याऐवजी कमरेवर हात ठेवले.

“काय रे आचान, माझ्या शेगडीवर म्हणे निबंध लिहिलात? आणि मला सांगायचंसुद्धा नाही? लुगडं तरी बरं नेसून बसले असते!”

“मावशी, एका आठवड्याचाच प्रश्न आहे...”

“आठवड्याचा? मला काय शेंबडं पोर समजतोस? इथून उठले की पलीकडे नगरपालिका उठवते, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आणि या गुडघ्यांनी गाडी ढकलत जाऊ कुठे? नवरा गेला त्या वर्षापासून इथे उभी आहे मी. तू परीक्षेच्या दिवसांत तापानं फणफणला होतास, तेव्हा पेज कुणी आणून दिली वसतिगृहात? तुझ्या यंत्रानं?”

एवढं बोलल्यावर मावशीलाच त्याची कीव आली. तिनं दोन काड्या केळीच्या पानात गुंडाळून त्याच्या हातात कोंबल्या.

“खा. उपाशी पोटी कसला न्याय करणार तू? आणि ते यंत्र तुझं ऐकतं म्हणतात ना? सांग की त्याला काहीतरी.”

फिसितला रडूच यायचं बाकी राहिलं. बैठकीत तो एकटा पडला होता, गणितात बँकपुढे त्याचा टिकाव लागत नव्हता, आणि मावशीचं या जगात एवढंच होतं. अशा वेळी शास्त्रज्ञानं काय करावं याबद्दल शास्त्रात काही दिलेलं नाही. म्हणून त्यानं तेच केलं जे त्याच्या आईनं, आजीनं केलं असतं. शेगडी बंद झाली त्या सकाळी तो देवतेपुढे बसला आणि म्हणाला, “मालकीणबाई, उसळी खाली आणा. मावशीला वाचवा.” आणि नेहमीच्या उदबत्त्यांच्या जागी एकोणीस लावल्या.

उसळी दीडपट झाली. दुसऱ्या दिवशी त्यानं एकोणचाळीस लावल्या. उसळी दुप्पट झाली. शेगडी बंद, कोळसा शून्य, आणि आकडा मात्र आकाशाला भिडलेला. बँक जराही डगमगला नाही. इतक्या वर्षांचा धूर भिंतींत मुरलेला असून तो आता बाहेर पडतो आहे, असं त्यानं सांगितलं, आणि याला ‘विलंबित परिणाम’ म्हणतात, असंही. बैठकीतल्या सगळ्यांनी तो शब्द लिहून घेतला.

पाचव्या दिवशी फिसितनं आख्खा पुडा पेटवला. डोळे मिटून प्रार्थना अर्ध्यावर आली आणि त्याला जोराचा ठसका लागला. नाइलाजानं डोळे उघडले. उदबत्त्यांचा धूर सरळ वर जात नव्हता. हातभर वर जाऊन तो नम्रपणे वाकत होता आणि यंत्राच्या सोंडेत शिरत होता. पडद्यावरचा आकडा भराभर चढत होता. फिसितची प्रार्थना देवतेपर्यंत पोहोचत असेलही; पण वाटेत यंत्र ती ऐकून घेत होतं.

मग त्याला एकेक आठवू लागलं. पहिला निबंध छापून आला तेव्हा कृतज्ञता म्हणून त्यानं दोन उदबत्त्या वाढवल्या होत्या. त्या वर्षी उसळी वाढली होती. दुसऱ्या निबंधाला आणखी तीन. भक्ती आणि पुरावा हातात हात घालून वाढत गेले होते, आणि आता दोघांनी मिळून मावशीच्या पोटावर पाय दिला होता. लाजेनं त्याचे कान तापले.

तो धावत डॉक्टर सुप्राणींकडे गेला आणि सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

“फिसित, तू थकला आहेस. पण विज्ञानात मोकळं मन ठेवावं लागतं. प्रयोग करून दाखव.”

त्याच सकाळी तिन्ही मजले अंगणात जमले. फिसितनं सांगितलं, “मी उदबत्त्या लावतो, तुम्ही पडद्याकडे बघा. फक्त पडद्याकडे.” त्यानं काडी ओढली, नऊ उदबत्त्या पेटल्या, आणि संचालक, प्राध्यापक, बारा कारकून, डॉक्टर बँक, सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मालकदेवतेपुढे उदबत्ती लागली असताना डोळे उघडे ठेवणारा माणूस त्या आवारात अजून जन्माला यायचा होता. सगळ्यांनी मनातल्या मनात मागणं मागितलं, यथावकाश डोळे उघडले. तोवर वाऱ्याची झुळूक येऊन आकडा खाली आला होता.

“काय बघायचं होतं?” बाईंनी विचारलं.

फिसितनं पुन्हा लावल्या. पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्या वेळी तो ओरडला, “अहो, डोळे उघडे ठेवा!” तेव्हा सगळ्यात वयस्कर कारकून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आचान, एवढी घाई बरी नाही. देवीला वाईट वाटेल.” खरं म्हणजे तिसऱ्या वेळी फिसितचेही डोळे मिटले होते.

मग त्यानं नाद सोडला आणि नियमाचा आधार घेतला. शेगडी बंद करून पाहिली, तर आता ती चालू करूनही पाहिली पाहिजे, असं त्यानं लेखी मागितलं. नियम बरोबर होता, त्यामुळे नाही म्हणता येईना. त्या आठवड्यात फिसितनं देवतेशी वेगळी तडजोड केली: उदबत्त्यांऐवजी ताटभर उकडलेली अंडी. (अंड्यांना धूर नसतो.) इकडे मावशीची शेगडी फुलली, धूर फाटकावरून बाहेर रस्त्याकडे वाहू लागला, आणि प्रातःकालीन उसळी नाहीशी झाली. आठवडाभर रेघ तळ्यासारखी सपाट.

फिसितला वाटलं, आता तरी प्रकाश पडेल. तो पडला. बँकनं मॉडेल पुन्हा चालवलं आणि जाहीर केलं की मालाईमावशी रोज सकाळी उणे पावणेदोन टन कोळसा जाळतात.

“उणे म्हणजे?” फिसितनं विचारलं.

“म्हणजे त्यांचा धूर हवा शुद्ध करतो, दादा. शेगडी बंद, उसळी दुप्पट. शेगडी चालू, उसळी गायब. याहून स्वच्छ पुरावा कुठला?”

वैद्यक विभागानं तेच बारा कारकून शेगडीजवळ उभे केले. मांस, लसूण आणि कोथिंबिरीच्या मुळांचा तो खमंग वास आल्यावर त्यांचा श्वास अकरा टक्क्यांनी लांबला. पाचजणांनी तपासणी पुन्हा करण्याची विनंती केली. आता तिथे फलक आहे: ‘प्रायोगिक वायुशुद्धीकरण स्थानक क्रमांक एक’. शेगडी हातभरसुद्धा हलवायला तिन्ही विभागांची मंजुरी लागते. दम्याचे रोगी सकाळी रांग लावून धुरात उभे राहतात आणि खोकतात. (खोकला हे शुद्धीकरण सुरू झाल्याचं लक्षण मानलं जातं.)

“दिवसभर पेटती ठेवा म्हणतात मेले,” मावशी कुरकुरते. “माझे गुडघे काय यांच्या मॉडेलमधले आहेत?” पण तिची जागा पक्की झाली, आणि तेवढ्यापुरता फिसितला रात्री झोप येते. रांगेतलं कुणी खोकलं की मात्र तो नजर चुकवतो. त्यानं सत्य दडवलं असं नाही. निबंधाच्या शेवटी ‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून बारीक अक्षरांतला परिच्छेद असतो. सत्य सांगण्याची तीच अधिकृत जागा. शेगडीवरच्या नव्या निबंधात तिथे त्यानं उदबत्त्यांचं सगळं स्वच्छ लिहिलं. निबंधाला बक्षीस मिळालं, त्या परिच्छेदाबद्दल आजवर कुणीही विचारलेलं नाही.

तुम्ही हसला असाल. एवढी शिकलेली माणसं, नाकासमोरचा धूर दिसू नये! पण जरा मागे जाऊन बघा. यंत्र कुठे उभं राहिलं ते सांगताना मी तुम्हाला दोन धूर एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी दाखवले होते. शेगडीकडे तुम्ही टक लावून पाहिलंत, मनातल्या मनात मावशीला उठवूनही मोकळे झालात. उदबत्त्या आल्या तेव्हा तुमचेही डोळे मिटलेलेच होते.