शाकाहारी वाफा

आमच्या सोसायटीतले गजूकाका टोमॅटोला खत घालत नाहीत, जेवायला घालतात. 'खत' हा शब्द त्यांना उद्धट वाटतो. सकाळी गच्चीवर भेटले आणि काय चाललंय विचारलं, की उत्तर ठरलेलं: "पोरांना वाढतोय."

काका मूळचे भाईंदरजवळच्या राई गावचे. भातशेती इमारतींखाली गेल्यावर ते मीरा रोडला आमच्या इमारतीत आले आणि गच्चीवर विटा रचून मातीचे दोन उंच वाफे केले. मासळीची डोकी-काटे आणायचे, गुळात मुरवायचे आणि ते पाणी पातळ करून टोमॅटोला द्यायचे. टोमॅटो उत्तम येत. वासाबद्दल मी बोलत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे बोलून झालेत.

पहिलं पीक काकांनी घरोघर वाटलं. दुसऱ्या मजल्यावर शाहबेन एकट्या राहायच्या, पक्क्या शाकाहारी. त्यांनी टोमॅटो हातात घेऊन शांतपणे विचारलं, "ये मच्छी खाता है?"

काका खोटं बोलत नाहीत. "खाता है," म्हणाले. शाहबेननी टोमॅटो परत दिला.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. काकांनी एक वाफा उपसला, नवी माती भरली, नवी रोपं लावली आणि तो शाकाहारी जाहीर केला. शेणखत, केळीची सालं, आंबट ताक. झारीसुद्धा वेगळी. एकदा मी चुकून मासळीची झारी तिकडे नेली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तो खात न्हाय," म्हणाले.

पण त्या वाफ्याला फळच धरेना. रोपं कमरेपर्यंत वाढली, पानं हिरवीगार, फूल एक नाही. काका घाबरून त्यांना आणखी जेवण वाढत राहिले. शेवटी शाहबेन गुडघे धरत गच्चीवर आल्या आणि रोपांकडे बघून म्हणाल्या, "भाई, बहुत खिलाया. अब उपवास कराओ."

कुणाला उपाशी ठेवणं काकांना जमत नाही. तरी मनावर दगड ठेवून त्यांनी नुसतं पाणी दिलं. तेवढे दिवस वाफ्यासमोर स्वतः चहासुद्धा प्यायले नाहीत. मग फुलं आली, टोमॅटो आले. पहिला शाहबेननी तिथेच उभ्या-उभ्या खाल्ला. काका पाण्याच्या टाकीकडे बघत होते.

त्यानंतर संध्याकाळी दोघं वाफ्याच्या कडेला बसू लागली. काका मराठीत बोलायचे, त्या गुजरातीत. अडलं तर हिंदी.

यंदा शाहबेनचे गुडघे अगदीच गेले आणि मुलगा त्यांना बडोद्याला घेऊन गेला. मी काकांना सुचवलं, आता दोन्ही वाफ्यांना मासळीच द्या, तेवढंच काम कमी.

काका शेण कालवत होते. "तिचा वाफा हाय तो," म्हणाले. "ती न्हाय म्हणून बाटवायचा?"

मग हात धुऊन त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. शाहबेननी एकेक रोप जवळून दाखवायला लावलं. "खाना दिया?" त्यांनी विचारलं.

"दिया, बेन."

बोलणं संपलं असं समजून मी फोन बंद करायला हात पुढे केला. काकांनी तो अलगद माझ्याकडून घेतला आणि विटांना टेकवून शेजारी उभा केला.

"राहू दे," म्हणाले. "बसू दे तिला जरा."