काटा मध्ये आल्यावर निघू

"काटा मधोमध आल्याबिगर गाडी गावाबाहेर काढायची न्हाय," कल्याणप्पांनी जाहीर केलं, आणि शिवकांताबाईंनी भरलेली पिशवी तिसऱ्यांदा रिकामी केली.

जायचं होतं परंड्याला. शिवकांताबाईंची थोरली बहीण गौराबाई तिथं एकटीच राहायची. वय ऐंशीच्या घरात, आणि डोळे दिवसेंदिवस अधू होत चाललेले. डॉक्टरांनीही हात टेकले होते. फोनवर तिचं एकच पालुपद, "दिसतंय तवर येऊन जा गं. मग नुसता तुझा आवाज ऐकायचा." नळदुर्गाहून परंडा म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. पण एसटीची पायरी शिवकांताबाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हती, आणि दारात स्वतःची डिझेल गाडी असताना भाड्याची गाडी सांगणं कल्याणप्पांच्या मानाला झेपत नव्हतं.

आता काट्याचं सांगायला हवं. कल्याणप्पा वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. तीस वर्षं दर तासाला मीटरचे काटे बघून रजिस्टरात आकडे लिहिले. अशा माणसानं निवृत्तीनंतर गाडी घ्यावी आणि तिच्यात इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा असावा, म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. लोक गाडी चालवताना रस्ता बघतात. हे काटा बघायचे आणि रस्ता शिवकांताबाई बघायच्या.

पाच वर्षं काटा जागचा हलला नाही. दिवाळीनंतर मात्र तो चढाला जरा वर आणि उताराला जरा खाली जाऊ लागला. एवढंच. पण कल्याणप्पांची झोप उडाली. हायवेवरच्या बंडप्पा मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, पंखा बघितला.

"साहेब, व्हॉल अडकत आसंल. काढूनच टाकतो. आपल्याकडल्या उन्हात त्येचं काय काम?"

हा आपल्या मुलखातला रामबाण इलाज. जे अडकतं ते काढून टाकायचं! इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरणारी ती झडप गेली, आणि काटा वर यायलाच तयार होईना. गाडी डिझेल जास्त पिऊ लागली. मग ट्रकवाल्यांचं बघून कल्याणप्पांनी रेडिएटरपुढं पुठ्ठा लावला. काटा चढला, लई चढला. पुठ्ठा अर्धा कापला. मग पाव. रोज सकाळी अणदूरपर्यंत चाचणी, आणि शेजारच्या सीटवर वही घेऊन शिवकांताबाई.

"ढाब्याच्या चढाला किती?"

"मधल्या रेघंच्या वर एक गहू."

"गहू? अगं, आकडा सांग!"

"आकडं हायेत कुठं त्येच्यावर? एक निळं टोक, एक तांबडं टोक. म्या काय मनानं सांगू?"

अखेर बंडप्पानंच नवी झडप बसवली आणि पुठ्ठा फेकून दिला. काटा पुन्हा चढाला जरा वर, उताराला जरा खाली.

"साहेब, गाडी ठणठणीत हाय. चढाला दमती, उताराला इसावा घेती. ह्याला रोग म्हनत न्हाईत."

"मग पाच वर्सं का हलला न्हाय?"

बंडप्पानं बॉनेट लावून टाकलं. त्याच संध्याकाळी गौराबाईचा फोन आला. "आगं, परवा शेजारच्या सुनंला तूच समजून मिठी मारली की मी." शिवकांताबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. कल्याणप्पांना ते ऐकू आलं. त्यांना फार वाईट वाटलं. ते दारात येऊन उभे राहिले.

"अगं, घाटात गाडी बंद पडली तर? ह्या गुडघ्यांनी तू कुठं चालत जाशील? माझा जीव त्याच्यात अडकतोय."

शिवकांताबाईंनी पदरानं डोळे पुसले. "बरं. एकदा शेवटची बंडप्पाला दाखवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी बंडप्पा स्वतः गाडी घेऊन दारात हजर. शिवकांताबाई पिशवीसकट उंबऱ्यात तयार.

"इंजिन बंद करू नका. तसंच निघू," त्या म्हणाल्या.

कल्याणप्पांनी आत डोकावून बघितलं. काटा मधोमध! तुळजापूर आलं, काटा मधोमध. घाट लागला, काटा मधोमध. बार्शीत उसाच्या ट्रॅक्टरांमागं अर्धा तास रखडले, तरी गडी गव्हाएवढाही हलला नाही. कल्याणप्पांना गाणं म्हणावंसं वाटू लागलं.

"बंडप्पाच्या हातात जादू हाय बघ! जरा थांबू, च्या घेऊ."

"थांबायचं न्हाय. च्या थर्मासात आणलाय."

परंड्यात गौराबाईच्या दारात त्यांनी गाडी उभी केली. शिवकांताबाई लगबगीनं उतरल्या. कल्याणप्पांनी किल्ली काढली, आणि सवयीनं काट्याकडं बघितलं. गाडी बंद, किल्ली हातात, आणि काटा मधोमध. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. त्यांनी फोन लावला.

"बंडप्पा, काटा?"

"साहेब... काकू आल्या होत्या. रिक्षा करून. म्हनल्या, काटा मधी बसव. चिकटवलाय. पर तांबडा दिवा चालू हाय बरं का! तापली तर त्यो लागनार म्हंजी लागनार."

कल्याणप्पांचं डोकं सणकलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याशी कुठला काटा असा खोटं बोलला नव्हता. ते ताडकन गाडीतून उतरले.

ओट्यावर गौराबाईनं बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. नाकाला नाक लागेल इतक्या जवळून ती बघत होती. "केस लई पांढरं झालं की गं तुझं," ती म्हणाली, "आन् ही मोरनी नवी केलीस व्हय?" तिला नाकातली मोरणीसुद्धा दिसत होती. दोघी हसत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कल्याणप्पा फाटकाशीच थांबले.

शिवकांताबाईंनी त्यांना बघितलं. त्यांच्या हातातली किल्ली बघितली. चेहरा एकदम उतरला.

"अवो... काय झालं? लगीच माघारी फिरायचं का?"

कल्याणप्पांनी किल्ली खिशात टाकली.

"आता कसलं फिरतो? इंजिन लई तापलंय. थंड व्हायला आठ दिस तरी लागतील."