विनातिकीट इंगळेकाका

मी रंगमंचावर मेलो होतो. नाटकातली माझी बायको माझ्या छातीवर डोकं टेकून हंबरडा फोडत होती. सभागृह चिडीचूप. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावलेला मला मिटल्या पापण्यांच्या फटीतून दिसत होता. इतक्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला,

"पोट हालून राहिलं त्याचं!"

सगळं सभागृह हसलं. नाटकातली बायकोही हसली, आणि ती माझ्या छातीवर असल्यामुळे मी आणखीच हललो. त्या वर्षी हौशी नाट्यस्पर्धेत आमचा नंबर आला नाही हे वेगळं सांगायला नको. तो आवाज आमचे शेजारी इंगळेकाका यांचा होता, आणि त्यांना फुकटचा पास मीच नेऊन दिला होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाठ पडली. मी तोंड फिरवलं.

"राग कावून धरून राहिले भाऊ? मेलेल्या मानसाचं पोट हालते का? नाटक हाये म्हनूनच सांगतलं ना मी!"

"काका, ते नाटकच होतं!"

"मंग मी काय चुकीचं बोललो?"

इंगळेकाकांशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या कॉलनीत अजून जन्माला यायचा आहे.

काकांची सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासण्यात गेली. अकोल्याहून सुटणाऱ्या गाड्या पातूरच्या फाट्यावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे, कुठेही हात दाखवून थांबवायच्या आणि आत शिरून विनातिकीट माणूस हुडकायचा. पकडलेला माणूस झोपेचं सोंग घेतो, पोटात कळ आल्याचं सांगतो, मुका होतो, बहिरा होतो. सात वर्षांचा पोरगा आईच्या मांडीवर एकदम साडेचार वर्षांचा होतो. इतकी वर्षं अशी सोंगं पाहून पाहून काकांचा माणसांवरचा विश्वासच उडाला. निवृत्त झाले, पत्नी गेल्यावर अकोल्याचं घर बंद करून अमरावतीला मुलाकडे राहायला आले, पण तपासणी काही सुटली नाही.

समोरच्या पाटलांच्या मुलीची पाठवणी होती. सगळी कॉलनी मुसमुसत होती. काका माझ्या कानाशी लागले, "पाह्यलं का? पोरीनं आंधी काजळ पुसलं, मंग रडाले लागली. ठरवून रडून राह्यली. नाटक हाये सारं!"

कोथिंबीरवाली म्हणाली, "काका, तुमच्यासाठीच बाजूले ठेवली ही जुडी," तर त्यांनी ती सोडून दुसरीच उचलली. मला एकदा ताप आला आणि मी बँकेत रजा टाकली. काका पाहायला आले. 'कसं वाटतं' वगैरे काही नाही. सरळ कपाळावर हात ठेवला, मग मानेवर, मग दोन्ही ठिकाणी एकदम. "हाये बाप्पा. खरा हाये," असं प्रमाणपत्र दिलं आणि जाताना एक पिकलेली पपई ठेवून गेले. ती पपईसुद्धा त्यांनी आधी दाबून, वास घेऊन, उलटीपालटी करून तपासली होती.

असा माणूस एका रविवारी दुपारी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, मले नाटक शिकवा."

मला संशय आला. येणारच. ज्यानं माझं मरण हाणून पाडलं तो माझ्याकडेच शिकायला येतो म्हणजे यात काहीतरी काळंबेरं नक्की आहे. मी म्हटलं, "काका, आता काय तपासायचं आहे?"

काका खुर्चीच्या टोकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगू लागले.

त्यांची नात सुजाता, सगळ्यांची सुजू, साडेतीन वर्षांची. समजायचं तिला सगळं, पण बोलायची नाही. 'आई' आणि 'नाई' एवढेच तिचे शब्द. मुलगा-सून दोघंही शाळेत शिक्षक, त्यामुळे दिवसभर सुजू आजोबांपाशी. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं की कान चांगले आहेत, काळजी करू नका, फक्त तिच्याशी खेळा. भातुकली, दुकान, गाडी, ती म्हणेल ते. मूल खेळातूनच बोलायला शिकतं.

"फी घेतली अन् सांगतलं काय, तं खेळा!" काका म्हणाले. "मले वाटलं, हे बी नाटकच. मंग परवा पोट्टी माह्यापाशी आली. तिचा तो खेळन्यातला कप. माह्यापुढं धरला, अन् पाहत राह्यली."

"मग?"

"मंग काय! मी कप उलटा केला. म्हटलं, सुजू, यात काईच नाई."

काकांनी मान खाली घातली.

"तिनं कप घेतला, अन् गेली. तवापासून माह्यापाशी कप आनतच नाई भाऊ. भिंतीकडं तोंड करून एकटीच खेळते. माह्याच्यानं लय वाईट झालं."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. स्पर्धेचा राग त्या क्षणी गेला. मी आतून रिकामा कप आणला आणि शिकवणी सुरू केली.

"हं, धरा. यात चहा आहे असं समजा."

"समजा कावून? हाये तं हाये, नाई तं नाई."

"काका, असल्यासारखं करायचं."

"तुमी मेल्यासारखं करत होते, तं पोट हाललंच ना!"

त्यांना वाघ व्हायला सांगितलं तर ते नुसते उभे राहिले. दुकानदार केलं तर म्हणाले, माल कुठाय? मी घामाघूम झालो. शेवटी हात टेकले आणि सहज विचारलं, "काका, इतक्या वर्षांत तुम्हाला सगळ्यात चांगलं सोंग कुणी करून दाखवलं?"

काकांचे डोळे चमकले. "पातूरच्या घाटात एक बुढा होता. काय झोपला होता बाप्पा!" आणि ते बोलता बोलता तो म्हातारा झाले. मान खिडकीकडे कलली, तोंड उघडं पडलं, ओठाच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टी वाजू लागली. "खरा झोपलेला मानूस गाडीसंगं हालते," डोळे मिटूनच ते सांगत होते. "सोंगवाला खड्ड्याच्या आंधीच आंग आवळते. पन हा बुढा नाई आवळला! पक्का कलाकार."

"काका," मी म्हटलं, "हेच करा."

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि टोपी घालून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी कुंपणाशी कढीपत्ता तोडत होतो. इंगळ्यांच्या व्हरांड्यात घरातल्या सगळ्या खुर्च्या एकामागे एक मांडलेल्या. शेवटच्या खुर्चीवर काका झोपलेले, मान कललेली, तोंड उघडं. सुजू गळ्यात काकांची नोकरीतली जुनी चामडी पिशवी अडकवून एकेक खुर्ची तपासत येत होती. पिशवी तिच्या गुडघ्यांवर आपटत होती. ती काकांपाशी आली. हात पुढे केला. काका घोरले. तिनं खुर्ची हलवली. काका खुर्चीबरोबर हलले, पण जागे झाले नाहीत. मी सवयीनं त्यांच्या पोटाकडे पाहिलं. कुठं आवळलेलं नव्हतं. पक्का कलाकार!

सुजूनं वाकून त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. बराच वेळ पाहिलं. मग बोट रोखून ती मोठ्यांदा म्हणाली,

"नातक!"

काका ताडकन उठले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "चुकलो साहेब. विनातिकीट हावो. एकडाव सोडून द्या."

सुजू खिदळली. पिशवी तिथंच टाकून आत पळाली आणि दोन्ही हातांत सांभाळत तो खेळण्यातला कप घेऊन आली. काकांनी तळव्याची बशी केली आणि कप तिच्यावर घेतला. वरून फुंकर घातली. पुन्हा फुंकर घातली. मग अगदी तळापर्यंत प्यायले.

त्यांचे डोळे डबडबले होते. मी हातातला कढीपत्ता विसरून पाहतच राहिलो. काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते एकदम खेकसले,

"काय पाहून राहिले भाऊ? लय गरम हाये चहा. चटका बसला!"