हौसाक्कांच्या मांडीवरचा तंटा

दाजीबा नावाच्या बोक्याला खरसुळी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष करायचं ठरलं, तेव्हा त्याच्या मालकीणबाई हौसाक्का माने यांनी एकच विचारलं, "जेवायला घरी येईल न्हवं?"

"येईल की," सरपंच भगवानराव बाबर म्हणाले. सरपंचांच्या शब्दाचं पुढं जे होतं तेच याही शब्दाचं झालं, पण ते नंतर.

मुळात दाजीबा अट्टल गुंड होता. गावातल्या एकाही मांजराला तो सुखानं खाऊ देत नसे. दुसऱ्याच्या वाटीतलं दूध त्याला गोड लागे, आणि ते पिऊन झाल्यावर वाटीच्या मालकाला बुकलल्याशिवाय ते पचत नसे. घरी मात्र तो हौसाक्कांच्या मांडीवर असा निजे, की याला पंजे असतील हेही कुणाला पटू नये. नवरा गेल्यापासून त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. दिवेलागणीला मांडीवर ते वजन आलं, की दिवस पुरा झाला असं त्यांना वाटे.

शेवटी गावातली झाडून सगळी मांजरं ग्रामसभेला आली आणि भिंतीकडेनं ओळीनं बसली. बोलली काहीच नाहीत. हौसाक्कांच्या शेजारणीच्या, इंदू गुरवच्या चिंगीनं फक्त आपला उरलेला अर्धा कान सभेकडे केला. मांजरांमुळे कोरमही भरला होता, त्यामुळे विषय घेणं भागच पडलं.

आधी दाजीबाला तडीपार करून पाहिलं. गोणीत घालून नदीपलीकडे सोडला, तर सोडणारा परतायच्या आत हा चावडीवर अंग चाटत बसलेला. मग गळ्यात घंटा बांधायची सूचना आली. बांधायची कुणी, या मुद्द्यावर ती नेहमीप्रमाणे पुढं ढकलली गेली. तेव्हा सरपंच म्हणाले, "त्याला पद देऊया. दांडगा मानूस आपन दूध संस्थेचा चेअरमन केला, तवापास्नं निवळला का न्हाई?"

चेअरमन सभेतच होते. त्यांनी मान डोलावली. ठराव एकमतानं पास झाला आणि दाजीबाला गुलाल लागला.

पद त्याला मानवलं. पहिल्याच दिवशी तो चिंगीकडे गेला आणि तिची वाटी पंजानं तिच्याकडे सरकवून परत आला. चिंगी बराच वेळ वाटीकडे बघत बसली आणि मग प्यायली. त्यानंतर कुणाचा कान फाटला नाही.

माणसांचे तंटे तो चावडीवर ऐके. दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकायच्या, मग उठून ज्याची चूक त्याच्या मांडीवर जाऊन बसायचं, ही त्याची पद्धत. मांजर मांडीवर असताना माणसाला उठून भांडता येत नाही. तो बसून राहतो, नकळत पाठीवरून हात फिरवतो, आणि कधीतरी "चुकलं माझं" म्हणतो. ते म्हटलं की अध्यक्ष उतरत. बांधाची, पाण्याची, भावकीची जुनी भांडणं अशी मिटत गेली. पूर्वी मांजर आडवं गेलं की लोक थांबत. आता अध्यक्ष आडवे गेले म्हणून थांबू लागले.

वाईट झालं ते हौसाक्कांचं. पद मिळाल्यावरही दाजीबा रोज संध्याकाळी घरी येऊन नेहमीसारखा मांडीवर बसे. पुढं त्याची पद्धत गावाला कळली, आणि एका संध्याकाळी दारात ही गर्दी जमली.

"आक्का, काय केलं तुमी?"

"काय न्हाई केलं, बाबांनो."

"मग अध्यक्ष मांडीवर का?"

दाजीबानं सगळं ऐकलं, हळूच उतरला, आणि चावडीवर राहायला गेला. जेवणही तिकडेच. अध्यक्षानं एका घरचं खाल्लं की बाकीची घरं बोट दाखवतात, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

हौसाक्का सरपंचांकडे गेल्या. "माझं मांजर परत द्या."

"मांजर तुमचंच हाय, आक्का. अध्यक्ष गावचा हाय."

"मग पद काढा त्याचं."

"त्याला अविश्वास ठराव लागतो. आन गावाचा तर विश्वास बसलाय. मांजरांचासुद्धा."

हौसाक्का घरी आल्या आणि खूप रडल्या. मग डोळे पुसून विचाराला लागल्या. दाजीबा मांडीवर यायला हवा तर आपली चूक हवी. साऱ्या जन्मात त्यांनी कुणाची काडी इकडची तिकडे केली नव्हती. आता ते नडत होतं.

दुसऱ्या दिवशी इंदूनं अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. हौसाक्का पाण्याची घागर घेऊन तिथं आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. इंदूला सगळं कळलं. ती म्हणाली, "ओता की, आक्का. त्या कडंच्या मोडक्याच हायत. मी तक्रार करते."

हौसाक्कांनी विचार केला. दाजीबा त्यांनी पिल्लापासून वाढवलेला; दिलेली आणि केलेली चूक यातला फरक त्याला कळणारच. त्यांनी घागर उचलली आणि मधल्या पांढऱ्याशुभ्र, इंदूच्या लेकीच्या सासरी पाठवायच्या कुरडयांवर पुरती उपडी केली.

"आगं बया, आक्का!" इंदू म्हणाली, आणि खरोखरची तक्रार करायला गेली.

बैठकीला सारा गाव लोटला. इंदू तावातावानं बोलली. गव्हाचा चीक, तीन दिवसांचं भिजवणं, लेकीला दिलेला शब्द, सगळं सांगितलं. हौसाक्कांनी आपली बाजू मांडली नाही. त्यांना बाजूच नव्हती. दाजीबा डोळे मिटून ऐकत होता. मग तो उठला, सबंध चावडी ओलांडून आला, आणि हौसाक्कांच्या मांडीवर चढून दोन गिरक्या घेऊन बसला.

हौसाक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो थोडा जड झाला होता.

"म्हना आता, आक्का," सरपंच म्हणाले. "चुकलं म्हना, म्हंजे मिटलं."

हौसाक्का नुसत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

लोक थांबले. दिवे लागले. सरपंचांनी इंदूला बाजूला घेऊन सांगितलं, "तू तरी तक्रार माघारी घे. सबंध गावात येवढा एकच तंटा उरलाय."

इंदूनं मांडीकडे पाहिलं. दाजीबाला झोप लागली होती, आणि मांडी हलू नये म्हणून हौसाक्का श्वाससुद्धा बेतानं घेत होत्या.

"न्हाई घेनार," ती म्हणाली. "कुरडया माझ्या हुत्या."

मग बैठक हौसाक्कांच्या ओसरीवर हलवण्यात आली, कारण चावडीला संध्याकाळी कुलूप लागतं. इंदू रोज दिवेलागणीला जाऊन आपली तक्रार कायम असल्याचं सांगून येते, आणि जाताना वाटीभर दूध नेते. हौसाक्कांनी अजून चूक कबूल केलेली नाही.