वारा दे, वादळ नको

आधी नाव सांगून टाकतो: शांतवन रणपिसे सर. मी आज दहावी पास आहे तो त्यांच्यामुळे. काय झालं, कसं झालं ते पुढे येईलच, पण सांगण्याच्या भरात नावच राहून गेलं तर, अशी मला धास्ती वाटते. मला एकूणच धास्ती फार. गॅस बंद केला का हे बघायला मी करंजाड्यातल्या आमच्या इमारतीचे चार जिने पुन्हा चढून जातो, आणि माझ्याकडे गॅस नाही, इंडक्शनची शेगडी आहे.

सरांना धास्ती ठाऊक नाही. त्यांच्याकडे चिमटा आहे. शर्टाच्या ज्या खिशाला बाकीचे लोक पेन लावतात, तिथे सर दोन बोटांचा एक पोलादी चिमटा लावतात. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात हे मला नंतर कळलं. लोहाराचा मुलगा असल्यामुळे आधी एवढंच कळलं की पोलाद उत्तम आहे. सर तो गुडघ्यावर आपटतात, कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि जगाचा सूर तपासतात.

"बाळा, तुझ्या मालकाचं ग्राइंडर काळी तीनमध्ये ओरडतं. दुपारनंतर सूर सोडतं. बघून घे."

दुकानात आम्ही लोखंड घासायचं ते यंत्र खोलून बघितलं. बेअरिंग गेलेलं होतं.

आमच्या शेजारच्या वहिनींना एकदा त्यांनी जिन्यातच थांबवलं. "तुमच्या कुकरची शिट्टी काळी पाच. वरणाला छान आहे. भाताला जरा खाली हवी." वहिनी आता सर माझ्याकडे आले की शिट्टीवर ओलं फडकं टाकतात.

सरांनी पनवेलच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण मार्क देणं काही सुटलेलं नाही. बाजारात भेंडी हातात घेतील आणि भाजीवालीला ऐकवतील, "सहा. कोवळी आहे, पण प्रामाणिक नाही." उसळीला साडेसात, चर्चच्या पाळकांच्या प्रवचनाला सात, त्यातही शेवट लांबला म्हणून अर्धा कापलेला. नऊच्या वर त्यांनी तोवर कुणाला चढू दिलेलं नव्हतं. लग्न का केलं नाही असं सालोमी काकूंनी एकदा त्यांना विचारलं होतं. या काकू चर्चच्या क्वायरमधल्या, वयाने एकसष्ट, जिभेने सोळा. सर म्हणाले, "मुलगी बघायला गेलो होतो. तिने एक गीत म्हटलं. मी साडेपाच दिले. मग तिच्या वडिलांनी मला शून्य दिलं."

त्या क्वायरचे सर मुख्य. अठरा माणसं, एक पेटी आणि दर शनिवारी संध्याकाळी सराव. कुणी चुकलं की सर वाजवायचं थांबतात आणि भिंतीकडे बघत म्हणतात, "पुन्हा. आणि आता माणसांसारखं." सगळ्यांना बाळाच म्हणतात. सालोमी काकू एकदा म्हणाल्या, "सर, मी एकसष्टची आहे." सर म्हणाले, "मग एकसष्ट वर्षांचं बाळ. पुन्हा."

मी तिथे गेलो तो खिडकीची ग्रिल बदलायला. मी करंजाड्याला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर आहे. चर्चच्या खिडकीचे गज गंजले होते, मी शिडीवर चढून माप घेत होतो आणि खाली सराव चालला होता. सर उजव्या हाताने वाजवत होते आणि डाव्या हाताने पेटीचा भाता मारत होते, कारण भाता मारणारा माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला होता. चर्चची गीतं दोन्ही हातांनी वाजवायची असतात. एका हाताने वाजवली की ती कशीतरी लंगडी होतात. सर चिडचिड करत होते. मला राहवेना. मी शिडीवरून म्हणालो, "सर, मी मारू का भाता? आमच्या घरी आहे."

"घरी पेटी आहे?"

"नाही, भट्टी आहे."

सरांनी भात्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "पण मी तुमच्यातला नाही." सर म्हणाले, "पेटी कोलकात्याची आहे. ती मराठीसुद्धा नाही. ये खाली."

मी बसलो आणि मारला भाता, जसा घरी मारायचो तसा. पेटी अशी किंचाळली की पाळक आतल्या खोलीतून धावत आले. सरांनी बोटं उचलली आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, वारा दे, वादळ नको. इथे विळा तापवायचा नाही."

हे वाक्य पुढे मी हजारदा ऐकलं. रिक्षावाल्याला, रडणाऱ्या मुलाला, भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना, सर हेच सांगतात. मी आईला फोनवर सांगितलं की मी दर शनिवारी चर्चमध्ये भाता मारतो. आई तिकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात असते. ती म्हणाली, "मंग घरचा भाता काय वाईट होता, बाप्पा?"

तिचं बरोबर होतं. मी घर सोडून एवढ्या लांब आलो आणि पुन्हा भात्यापाशीच बसलो. फरक एवढाच की पेटीचा भाता वाजवणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला असतो. त्यामुळे सगळ्या मंडळीला सरांची पाठ दिसते आणि मला चेहरा. आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, घसरला की त्यांची डावी भुवई वर जाते. सगळं जमून आलं की ओठ थोडे उघडे राहतात. ते लहान मुलासारखे दिसतात तेव्हा.

पण त्यांनाही माझा चेहरा दिसत होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एक दिवस सराव संपल्यावर ते म्हणाले, "तू भाता मारताना श्वास घेत नाहीस. पेटीला वारा देतोस आणि स्वतः उपाशी राहतोस. कशाला घाबरतोस?"

मग मी त्यांना कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. सातवीच्या वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपराला माझा श्वास अडकला. समोरचे आकडे हलायला लागले. पेपर तिथेच टाकून मी जो पळालो तो थेट बापाच्या भट्टीपाशी. परत शाळेत गेलो नाही. आता तिशीला टेकलोय. मालक म्हणतात, दहावी हो, मी तुला साइटवर सुपरवायझर करतो. पण तो पेपर डोळ्यांसमोर आला की मी विषय बदलतो.

सरांनी चिमटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. "सतरा नंबरचा फॉर्म भर," ते म्हणाले. "उद्यापासून सात वाजता माझ्याकडे. वही आण."

पुढचं दीड वर्ष मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून शिकलो. सर क्वायरच्या कागदांवर लाल पेनने छोट्या खुणा करतात, इथे श्वास घ्यायचा म्हणून. माझ्या गणिताच्या वहीतही त्यांनी दर दोन ओळींनी तशीच खूण करायला सुरुवात केली. समीकरण, खूण, श्वास. समीकरण, खूण, श्वास. मी श्वास विसरलो की ते ओट्याच्या कडेवर हात ठेवून हळूच पुढे-मागे करायचे, भाता मारल्यासारखा.

आता स्पर्धेचं सांगायला हवं. आमच्या भागातल्या चर्चच्या मंडळ्यांची उरणला दरवर्षी मार्चमध्ये एका शनिवारी गाण्याची स्पर्धा असते. सरांच्या क्वायरने ती नऊ वर्षं जिंकलेली नाही. नऊही वर्षं दुसरा नंबर, कारण दरवर्षी सर उशिरा पोचतात आणि वेळेचे पाच मार्क जातात. सरांकडे कारणं तयार असतात. गव्हाण फाट्याला कंटेनर आडवा होता. पेटीला खारा वारा लागला, ती खोलून पुसावी लागली. एका वर्षी म्हणे परीक्षकालाच जेवण जड झालं होतं, वेळेवर पोचूनही उपयोग नव्हता. जग बेसूर झालेलं ज्याला जिन्यात कळतं, त्या माणसाला घड्याळ कसं कळत नाही, याचं मला नवल वाटायचं.

त्या शनिवारी दहावीचा कुठला ना कुठला पेपर असतोच; यंदा माझा बीजगणिताचा आला. मी आठवडाभर जेवलो नाही. "सर, भाता कोण मारणार?"

"मी. एका हाताने वाजवीन. लंगडत का होईना, पोचू. तू पेपर दे." टेम्पो साडेदहाला पेटीसकट उरणला निघणार होता आणि सर त्यात बसणार होते.

मी केंद्रावर गेलो. वर्गात शिरलो तर दोन मुलींनी उठून विचारलं, "सर, आमचे नंबर कुठे आहेत?" मी बाकावर बसल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. पहिले दोन प्रश्न सुटले. तिसऱ्याला पान उलटलं आणि माझ्या लक्षात आलं की उत्तरपत्रिकेत लाल खुणा नाहीत. कोरं पान. श्वास कुठे घ्यायचा ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आकडे हलायला लागले. मी उठलो. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "दादा, पाणी हवंय?" मी हो म्हणालो. खरं सांगतो, मी पाण्याला उठलोच नव्हतो. मी जिना उतरायला उठलो होतो. खाली फाटक, फाटकाबाहेर रिक्षा, आणि मग थेट बुलढाणा.

माझ्याबरोबर शिपाई आला. दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात पाण्याची टाकी होती. पेला हातात घेऊन मी सहज बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर, मार्चच्या उन्हात, क्वायरचा काळा कोट घालून आणि काळी छत्री उघडून रणपिसे सर बसले होते.

साडेबारा वाजत आले होते.

शिपायाने माझ्या नजरेच्या मागोमाग पाहिलं. "त्ये होय? दर साल येतात. फाटकापाशी उभं राहू देत नाय ना आमी, म्हनून तिथं बसतात. मी या शाळेत लागलो तवापासून बघतोय."

"कुणासाठी येतात?"

"कोनासाठीच नाय. मी बी इचारलं एकदा. म्हनले, लय वर्सांमागं यांच्या वर्गातला एक पोरगा पेपर टाकून बाहेर आला होता. बाहेर कोनी नव्हतं. येवढंच बोलले."

सरांनी मान वर केली. मी त्यांना दिसलो असेन. त्यांचा हात खिशाकडे गेला, पण खिसा रिकामा होता. मग त्यांनी छत्री खांद्याला टेकवली आणि मोकळा हात हळूच पुढे केला, मागे घेतला. पुढे, मागे. ही कॉपी धरतील का, अशी एक धास्ती मला तेवढ्यातही वाटून गेली. मी पाणी प्यायलो. वर्गात गेलो.

सुटल्यावर रस्ता ओलांडून गेलो, तर सरांचा कोट घामाने पाठीला चिकटला होता. "किती सोडवलेस?"

"एक राहिला."

"राहू दे. श्वास घेतलास?"

"घेतला."

"मग चल उरणला. आणि सावकाश चालव."

मालकाच्या स्कूटरवरून आम्ही पोचलो तेव्हा आमची मंडळी गाऊन मोकळी झाली होती. चिमटा सकाळीच सालोमी काकूंकडे दिलेला होता. त्यांनी तो स्वतःच्या गुडघ्यावर आपटून सूर दिला आणि अठरा जणांनी पेटीशिवाय गीत म्हटलं. नंबर दुसरा.

चिमटा परत देताना काकूंनी तोंड अगदी सरळ ठेवून विचारलं, "यंदा काय झालं, सर? कंटेनर की खारा वारा?"

"पंक्चर," सर म्हणाले.

सगळ्यांनी वळून स्कूटरकडे पाहिलं. दोन्ही चाकं टम्म होती. "मागच्यात हवा कमी वाटते खरी," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तेव्हा मला कळलं की सर त्या दिवशी कुठे असतात, हे यांना सगळ्यांना नऊ वर्षांपासून ठाऊक आहे.

निकाल लागला. गणितात सत्तेचाळीस. सरांनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचली. "मध्येच पाण्याला उठलास, त्याचा अर्धा कापतो," ते म्हणाले. "साडेनऊ." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या मार्चमधल्या त्या शनिवारची सुट्टी मी मालकाकडे आत्ताच मागून ठेवली आहे. सध्या सालोमी काकूंना भाता मारायला शिकवतोय. त्या अजून वादळच देतात, पण वेळ आहे. टेम्पो साडेदहाला निघेल तेव्हा सरांना मी स्वतः हात धरून पुढच्या सीटवर बसवणार आहे, चिमटा खिशात आहे ना हे दोनदा तपासून. मग त्यांची छत्री घेऊन त्या कट्ट्यावर जाऊन बसणार आहे. बाहेर मी असेन, सर. तुम्ही दोन्ही हातांनी वाजवा.