पळसदेवची पाणबुडी

या खेपेला मशीन घरी येणार म्हणजे येणारच, असं प्राध्यापक बुद्धभूषण खरातांनी रविवारी सकाळी पोह्यांच्या ताटलीवर चमचा आपटून जाहीर केलं.

"येऊ दे," मेघनाताई म्हणाल्या. "आल्यावर सांगा. मग सोफा सरकवते. मागच्या तिन्ही वेळा मी आधी सरकवला होता."

खरात बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. वय पंचेचाळीस, साल सत्त्याण्णव, आणि छंद जुनी खेळाची मशिनं जमवण्याचा. म्हणजे ती नाणं टाकलं की चालणारी, माणसाएवढी उंच, जत्रेत नाही तर थिएटरच्या बाहेर उभी असायची ती. कुणी तिकिटं जमवतं, कुणी अडकित्ते जमवतं. त्यांच्या संग्रहापेक्षा खरातांचा संग्रह थोडा वेगळा होता. त्यात अजून एकही वस्तू नव्हती. हुकलेल्या संधी मात्र होत्या, आणि त्या सालवार पाठ होत्या.

एक्याण्णव साली दौंडच्या एका थिएटरच्या कॅन्टीनमध्ये लोखंडी गोळ्या उडवायचं टेबल होतं. खरात "उद्या सांगतो" म्हणाले. उद्या गेले तेव्हा मालकाने त्याच्या काचेवर वडे मांडले होते, आणि वडे चांगले खपत होते. त्र्याण्णव साली इंदापुरात बंदुकीने बदकं पाडायचं मशीन निघालं. खरात पैसे काढायला बँकेत गेले, तर शनिवार, आणि बँक बारालाच बंद. सोमवारी मशीन भंगारात आणि बदकं मालकाच्या नातवाकडे.

पंच्याण्णव सालचं दुःख सगळ्यात मोठं. बारामतीतल्याच एका व्हिडिओ गेमवाल्याने अंतराळयानांचं मशीन द्यायचं कबूल केलं होतं. फक्त म्हणाला, "सर, आज अमावस्या हाय. उद्या न्या." आता खरातांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी अमावस्या पाळलेली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे एक लिंबू आणि एक बल्ब मागवला आणि चंद्र पृथ्वीभोवती कसा फिरतो ते तासभर समजावून सांगितलं. त्या माणसाला ते शेवटी पूर्णपणे पटलं. मशीन मात्र त्याने, लिंबू अर्ध्या वाटेवर असताना आलेल्या, काहीही न समजावता 'उद्या नेतो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलं होतं.

त्यातून खरातांनी धडा घेतला. आपण तोंड उघडलं की मशीन जातं. म्हणून या खेपेला तोंड उघडायला त्यांनी दुसरा माणूस ठरवला होता.

तो माणूस म्हणजे कन्हेरीचे गेणबा. बैलबाजारातले तीस वर्षांचे मुरलेले दलाल. त्यांचा थोरला मुलगा खरातांच्या हाताखालून बारावी झाला होता, तो उपकार म्हातारा विसरला नव्हता. गेणबा चांगल्या बैलाला अशी नावं ठेवत की मालकाला आपल्याच बैलाची लाज वाटावी, आणि त्याने तो पडेल त्या किमतीला देऊन तोंड लपवून घरी जावं.

माऊली नावाच्या ड्रायव्हरचा टेम्पो, मागे दोन गाद्या आणि दोरखंड, पुढे खरात आणि गेणबा, अशी स्वारी पळसदेवकडे निघाली.

"सर, ध्यान द्या," गेणबा तंबाखू मळत म्हणाले. "तितं गेल्यावर मशीनकडं बघायचंबी न्हाय. गिऱ्हाइकाचं डोळं चमाकलं की दर चढला."

"मग बघू कुठे?"

"पाण्याकडं बघा की. एवढी उजनी भरल्या."

"आणि बोलू काय?"

"कायबी न्हाय. तुमी वर्गात लई बोलता, पोरगं सांगत हुतं."

मशीन होतं सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या ज्ञानूच्या चहाच्या हॉटेलात. ज्ञानूची मुलगी साक्षी खरातांच्या अकरावीत होती. प्रकाशाचे नियम चालले असताना तिने हात वर करून सांगितलं होतं, "सर, आमच्या हॉटेलात पाणबुडीचं मशीन हाय. दुर्बिणीत डोळा घातला की लांब जहाजं दिसायची." त्या दिवशी प्रकाशाचे नियम तिथेच थांबले होते.

"आई, साक्षीचं सर आल्यात," ज्ञानूने आत आवाज दिला. बाकडं पुसलं, चहा टाकला.

खरातांनी कोपऱ्यात एकदाच बघितलं. एकदाच, पण पोटभर. निळं लाकडी कपाट, वर दुर्बिणीचा काळा दांडा, खाली लाल बटण, नाण्याची पितळी फट. वर सुपात कुरडया वाळत होत्या. वीस वर्षांपूर्वी ज्ञानूच्या वडिलांनी ते एका प्रदर्शनवाल्याकडून घेतलं होतं. गेली आठ वर्षं ते बंद होतं, पण जसंच्या तसं होतं. त्यांनी मान गर्रकन वळवली आणि धरणाच्या पाण्याकडे असे डोळे रोखले की ज्ञानू कपबशी हातात घेऊनच दारात आला.

"सर, कोण बुडालंय का?"

"नाही, नाही. पाणी छान आहे."

गेणबा मशीनजवळ गेले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चारी बाजूंनी फेरी घातली. खाली वाकून पाय बघितले. मग नाण्याच्या फटीत बोट घालून, बैलाचा ओठ उचलतात तसा तिचा पत्रा उचलला.

"दात गेल्यात ह्येचं," ते म्हणाले.

"दात?" ज्ञानू म्हणाला.

"वय झालंय. आन् मागच्या पायाला बसकं हाय. ह्ये उभं हाय ते भिताडाच्या जिवावर. काढ भिताड, बसतंय का न्हाय बघ."

ज्ञानूचा चेहरा पडला. "लई वरसं झाली खरं," तो ओशाळून म्हणाला. खरात पाण्याकडे बघत मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

इथेच गेणबांनी थांबायला हवं होतं. पण कलावंताला थांबता येत नाही. त्यांनी मशीन पुढे ओढलं, मागची फळी बघितली आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. फळीवर जळल्याचा एक गोल काळा डाग होता.

"ह्यो काय, ज्ञानबा?"

"असंल काय तरी. पहिल्यापास्नं हाय."

"बैलाला ह्या जागी भोवरा असला तर आमी दावणीला बांधत न्हाय. मालकाला खातोय त्यो."

ज्ञानू हसला. पण आतल्या दारात रंगुबाई उभ्या होत्या, ज्ञानूच्या आई, आणि त्या हसल्या नाहीत.

"कुठं हाय भोवरा?" त्यांनी विचारलं. जवळ येऊन डाग बघितला. मग खाली बसल्या आणि बोटं मोडत हिशेब लावायला लागल्या. "ह्ये आलं त्या साली म्हस गेली. फुडल्या साली मोटर जळली. आन् आपलं जावई पंचायतीला दोन मतांनी पडलं."

"आई, त्येचा ह्येच्याशी काय संबंद?"

"आरं, ती दोन मतं तुजी आन् माजी! मतदानाच्या दिशी ह्या मशिनीवर ठेच लागून माजा अंगठा सुजला. तू मला दवाखान्यात घिऊन गेलास. इसरलास व्हय?"

ज्ञानू विसरला नव्हता. जावई तर अजिबात विसरले नव्हते. गेणबांनी खरातांकडे बघून एक डोळा बारीक केला, म्हणजे दर आता जमिनीला टेकला. आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. बाजारात टॉवेलाखाली हात घालून बोटांनी सौदा ठरवतात, तसा ज्ञानूचा हात धरायला ते पुढे सरकले.

"ज्ञानू, ह्ये इकायचं न्हाय," रंगुबाई म्हणाल्या.

टॉवेल हवेतच राहिला.

"साक्षीच्या सरांच्या गळ्यात ही पीडा बांधायची व्हय? उद्या सरांचं काय वाईट झालं तर पोरीला कोण शिकवंल? जा, होडीवाल्याला बोलीव. लांब न्हिऊन उजनीत सोडा."

"अक्का," गेणबा घाईने म्हणाले, "एवढाबी वाईट डाग न्हाय त्यो."

"आत्ताच म्हनला, मालकाला खातोय."

"खातोय, पर थोडं थोडं खातोय."

"थोडं थोडं म्हनून वीस वर्सं खाल्लं की आमाला."

गेणबांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. बाजारात काढलेली खोड परत गिळता येत नाही, तशी पद्धत नाही. गिळली तर पुढच्या बाजारात कुणी उभं करणार नाही. शेवटी खरातांनाच पाण्यावरची नजर काढावी लागली.

"आजी, आम्ही बौद्ध माणसं. आमच्या घरी डाग, भोवरा, असलं कुणी मानत नाही."

"तुमी मानत न्हाय, बाबा. पर त्या डागाला ठावं हाय का त्ये?"

खरातांनी तोंड उघडलं. आतला ट्रान्सफॉर्मर तापला की लाकूड असंच गोल जळतं, हे सांगायला पाच मिनिटं पुरली असती. शेजारच्या बरणीत लिंबंही होती. पण लिंबं बघताच त्यांना पंच्याण्णव साल आठवलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. ज्ञानू सायकलवरून होडीवाल्याकडे निघाला होता. ही चौथी संधी होती, आणि पाचवी मिळायला मशिनंच उरली नव्हती. आता पटवून चालणार नव्हतं. आता जिंकायचं होतं.

त्यांना एक गोष्ट माहीत होती. अशा मशीनमध्ये नाणं तोलणारा काटा असतो. जुना, मोठा, जड रुपया टाकला की काटा कलतो आणि रुपया आत जातो. नवा बारका रुपया टाकला तर तो खालच्या वाटेने बाहेर पडतो. याला वीजबीज लागत नाही. आणि मशीन तपासायला म्हणून आणलेला एक जुना रुपया खरातांच्या शर्टाच्या खिशात होता.

"आजी," ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजाची त्यांना थोडी लाज वाटली, "मशीनलाच विचारू या. कौल लावू. रुपया आत राहिला तर हो. खाली पडला तर नाही."

रंगुबाईंनी त्यांच्याकडे नव्याने बघितलं. "सर, तुमाला कळतंय की सगळं," त्या म्हणाल्या. "ज्ञानू, थांब रं."

खरातांनी मनाची समजूत घातली की काटा तर विज्ञानाचाच आहे, आपण फक्त गप्प राहतोय.

रंगुबाईंनी हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला. कुरडयांचं सूप उचललं. दुर्बिणीच्या दांड्याला हळद लावली, कुंकू लावलं. खरातांचा जड रुपया कपाळाला टेकवला. माऊली टेम्पोतून उतरून हात जोडून उभा राहिला. रस्त्यावरचे चार-सहाजण आत डोकावले. खरात मनात म्हणत होते, विचारा, सरांबरोबर जातोस का. विचारा.

"बाबा," रंगुबाई म्हणाल्या, "वीस वर्सं आमच्यात हायस. काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाल. आमच्याच दारात ऱ्हायचंय का तुला?"

आणि त्यांनी रुपया सोडला.

आत टक् झालं. मग खळ्ळ् झालं. मग रुपया खोल कुठे तरी जाऊन बसला, आणि जमलेल्या लोकांच्या तोंडून मोठा निःश्वास बाहेर पडला.

"थांबा, थांबा," खरात म्हणाले. "आजी, प्रश्न असा नाही विचारायचा. माझ्याबरोबर यायचंय का, असं विचारा."

"त्येबी इचारू की. मनात शंका कशाला? द्या रुपया."

खरातांनी खिसा चाचपला. पँटचे दोन्ही खिसे चाचपले. गेणबांच्या बंडीकडे बघितलं. गेणबांनी मान हलवली. तेवढ्यात ज्ञानूने गल्ल्यातून एक रुपया काढून आईच्या हातात दिला. नवा, बारका, चकचकीत.

"तो नको," खरात म्हणाले.

"का?"

खरं कारण सांगितलं असतं तर कौलच मोडला असता. रंगुबाईंनी प्रश्न विचारला, रुपया टाकला. तो खालच्या वाटेने टणकन बाहेर आला, फरशीवरून घरंगळला आणि खरातांच्या चपलेपाशी येऊन आडवा झाला.

दोन उलटे प्रश्न, दोन वेगळी नाणी, निष्कर्ष एकच. मुलांच्या प्रयोगवहीत असलं काही दिसलं की खरात शेजारी लाल शाईने 'उत्तम' लिहीत.

ज्ञानू नारळ आणायला आत गेला. खरातांना राहवलं नाही.

"आजी, खरं सांगतो. यात कौलबिल काही नाही. जुना रुपया जड असतो, तो आत जातो. नवा हलका असतो, तो खाली पडतो. एवढंच आहे."

रंगुबाईंनी विचार केला.

"म्हंजी तुमाला आधीच ठावं हुतं?"

"हो."

"म्हनून तुमी तुमचा जड रुपया दिला? मशीन तुमच्याकडं यावं म्हनून?"

खरातांनी जमिनीकडे बघितलं. "हो."

"आन् तुमी एवढं करूनबी त्यो आमच्याकडंच ऱ्हायला," रंगुबाई हळूच म्हणाल्या, आणि मशीनपुढे वाकल्या. मग डोळे पुसून विचारलं, "आता सांगा, सर. ह्येला काय म्हनायचं?"

खरातांनी चपलेपाशी पडलेला रुपया उचलून ज्ञानूच्या गल्ल्यावर ठेवला.

"ह्यो शुभ डाग हाय," गेणबा मागून म्हणाले. ते पुन्हा फळी बघत होते. "मगाशी उजेड कमी हुता."

खरातांनी जाता जाता ज्ञानूला बाजूला घेऊन मनात ठरवलेला आकडा दुप्पट करून सांगितला. ज्ञानूने दोन्ही कानांना हात लावला. टेम्पोत बसल्यावर गेणबा बराच वेळ टॉवेलाची घडी घालत होते. भिगवण गेल्यावर म्हणाले, "सर, देव इकत घेता येत न्हाय. वर्गणी देता येती. किती दिली?"

"अकरा," खरात म्हणाले.

संध्याकाळी मेघनाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी टेम्पोत डोकावून बघितलं. दोन गाद्या आणि दोरखंड.

"मशीन कुठंय?"

खरातांनी खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. आत खोबऱ्याचे दोन तुकडे आणि चिमूटभर साखर होती.

"हे काय?"

"त्याचाच प्रसाद," खरात म्हणाले, आणि चपला काढता काढता, शक्य तितक्या सहज स्वरात पुढे म्हणाले, "घरात कुठे जुने रुपये असतील तर काढून ठेव. पुढच्या रविवारी परत जातोय. नवे त्याला चालत नाहीत."