हकीकत कांदळवनांतील पाणमांजरीची आणि विझल्या नंदादीपाची

श्रीचरणीं माथा ठेवून, खाडीच्या पाण्यास हात जोडून लिहिलें ऐसें जे: शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, पौष शुद्ध पौर्णिमा. खाडीकांठच्या राज्यांत राणी भागीरथीआऊ यांचा नेम, देव्हाऱ्यांतील नंदादीपास सांजेस तेल स्वहस्तें घालावें, दुसऱ्याचा हात लागूं न द्यावा. बारा वर्षें खंड नाहीं. त्या दिवशीं आऊसाहेबांचे चित्तीं आलें कीं कांदळवनांतील पाणमांजरें डोळां पाहावीं. मग पाहुण्यांस खाडी दाखविणारा सोमा तांडेल, त्यानें कयाक म्हणोन दोघांपुरती निमुळती होडी आणविली आणि मिशीस पीळ देऊन बोलिला, "दिव्याआधीं परत आणतों, नाहींतर ही मिशी उतरवीन!"

मग भरतीच्या पाण्यावर आंत शिरले, आणि खंड्या पाहिला, बगळे पाहिले, आणि पाणी उतरूं लागतां माघारा फिरले, तों अरुंद ओहोळाचे तोंडीं पाणमांजर आडवी आली. पिलास मानेस धरून या कांठावरून त्या कांठच्या बिळांत नेत होती. बाकीचीं चिखलांत उघडीं, आणि वर घार घिरट्या घालीत. आऊसाहेबांनीं थांब म्हणोन हात वर केला. सोमा कुजबुजला, "आऊसाहेब, पाण्यानं पाठ फिरवली. आत्तां नाहीं निघालों तर रुतूं. वल्ह्याचे चार हात मारतों, ती होईल बाजूला."

"आणि पिलें?"

"येईल कीं परत ती."

"कधीं?"

सोमानें घारीकडे पाहिलें आणि वल्हें आडवें ठेविलें. मग आऊसाहेबांनीं जपाची माळ मुठींत आवळिली, मण्यांचा आवाज नको म्हणोन, आणि बसल्या. मातेनें एक पिलूं नेलें आणि पाणी वीतभर उतरलें; आणिक एक नेलें आणि होडीचें बूड चिखलास लागलें. तों घार झेपावली. माता पाण्यांतून उसळली, किंचाळली, घार रिकाम्या नखांनीं वर गेली, मग शेवटलें पिलूं तोंडीं धरून ती पार झाली. इतक्यांत गांवांतून सांजेचा शंख ऐकूं आला आणि आऊसाहेबांचे डोळे भरले.

सोमा हळूच म्हणे, "खाडींत आतां तेवढंच पाणी उरलं, आऊसाहेब."

पुढली भरती आली तेव्हां परतल्या. दीप विझला होता. उपाध्ये कळवळोन बोलिले, "मुक्या जनावरापायीं बारा वर्षांचा नेम मोडिला?"

आऊसाहेब वदल्या, "दिवा माझा होता, भटजी. पिलें तिचीं होतीं."

मग उपास करून नवी वात लाविली आणि नेमाचा पहिला दिवस धरिला. सोमा तांडेल मिशी उतरवून दर्शनास आला, त्यास प्रसाद दिधला. तात्पर्य, देव्हारा एक सांज अंधारीं राहिला, ओहोळापलीकडचें बीळ भरलें राहिलें. इतुकें घडलें तें लिहिलें. अधिक उणें खाडी जाणे.